थंडीसाठी पेटवलेली आग

स्वयंपाकघरातला सिलिंडर हलवला की आत काहीतरी डुचमळतं. ते द्रवरूप प्रोपेन आणि ब्युटेन. पुरेसा दाब दिला की हे वायू आपल्याकडच्या उन्हाळ्यातही द्रव होतात. नैसर्गिक वायूतला मिथेन मात्र हट्टी. पारा उणे 82 अंश सेल्सियसच्या खाली गेल्याशिवाय त्याला कितीही दाबा, तो बधत नाही. आणि जहाजाच्या टाकीत साध्या दाबावर तो द्रव राहायला हवा असेल, तर उणे 162 अंश गाठावे लागतात. मग सुमारे 600 घनमीटर वायू एका घनमीटरात मावतो. यालाच एलएनजी म्हणतात.

एवढी थंडी आणायची कुठून? नॉर्वेच्या उत्तर टोकाला, हामरफेस्ट गावासमोरच्या मेल्कोया बेटावर ती आगीतून काढतात.

इथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. बेटावर येणारा वायू बॅरेन्ट्स समुद्राच्या तळाखालचा. त्या वायुक्षेत्राचं नाव स्नोव्हित, म्हणजे आपली हिमगौरी! पाण्यावर एकही फलाट नाही; विहिरी समुद्रतळावर, आणि तिथून 143 किलोमीटर लांबीच्या नळातून वायू किनाऱ्याला लागतो. 2007 साली हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्याने बेटावरच स्वतःचं वीजकेंद्र उभारलं होतं: पाच गॅस टर्बाइनं, मिळून 200 मेगावॉटच्या वर. ही टर्बाइनं जंबो जेटच्या पंखांखाली दिसणाऱ्या इंजिनाच्या कुळातली आहेत. तिथे ज्या ज्वाळेने विमान ढकललं जातं, तीच इथे जनित्र फिरवते.

ती वीज जाते कुठे? कॉम्प्रेसरांकडे. इतरत्र बहुधा टर्बाइनचा दांडा थेट कॉम्प्रेसरला जोडतात. इथे मधे विजेच्या मोटारी घातल्या. त्यातली सर्वांत मोठी 65 मेगावॉटची, म्हणजे आपल्या मालगाड्या ओढणारी बारा हजार अश्वशक्तीची सात इंजिनं एका दांड्यावर. कॉम्प्रेसर शीतक वायू दाबतात, दाबल्याने आलेली उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडतात, मग दाब उतरवतात. प्रसरण पावताना आणि उकळताना शीतक शेजारच्या मिथेनची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी झिरपून उडताना आतलं पाणी गार होतं, मूळ युक्ती तीच. फक्त इथे एकामागून एक पायऱ्या उतरत जायचं.

टर्बाइनांच्या धुराड्यातली उष्णताही वाया जात नाही. ती तेलात साठवून कारखान्यात फिरवतात. वायू शुद्ध करायलाही ती लागते: कच्च्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आधी काढावा लागतो, कारण एवढ्या थंडीत तो घट्ट होऊन नळ्याच तुंबवेल. वेगळा केलेला हा कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या नळाने पुन्हा समुद्रतळाखाली जातो. मला हा परतीचा प्रवास फार मोहवतो.

इथली हवाही मदतीला येते. गार हवा दाट असते, त्यामुळे टर्बाइन एका घोटात जास्त हवा पिते आणि जास्त शक्ती देते. पण तीच हवा गाळण्यांवर बर्फ धरते, म्हणून आत घेताना ती किंचित तापवावी लागते. 28 सप्टेंबर 2020 ला नेमका इथेच घात झाला. एका टर्बाइनच्या हवेच्या गाळण्या प्रमाणाबाहेर तापत राहिल्या आणि आपोआप पेटल्या. आग विझवायला मारलेल्या खाऱ्या पाण्याने विजेची यंत्रणा नासली. प्रकल्प पुन्हा सुरू व्हायला जून 2022 उजाडला.

आता या टर्बाइनांचे दिवस भरत आलेत. कारखान्याला बाहेरची वीज द्यायला नॉर्वे सरकारने 2023 मध्ये मंजुरी दिली. त्यातून वर्षाला सुमारे साडेआठ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल असा हिशेब आहे. मात्र त्यासाठीची वाहिनी तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडियरांच्या कुरणांतून जाते, आणि त्यांचा विरोध मला रास्त वाटतो. वीज पोहोचली की बेटावरची आग विझेल, आणि आजवर तिच्यात जळणारा वायूही गारठून जहाजात चढेल.