लाकडी मासा पाणी पितो कुठून?

माझा पहिला ल्यूर, म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा, आंब्याच्या फळीच्या तुकड्यातून कोरलेला होता. ऑइल पेंटचे चार हात, पाठ हिरवी, पोट पिवळं, डोळ्यांच्या जागी टाचण्यांची डोकी. दिवाळीनंतरच्या एका भरतीला तो घेऊन खाडीवर जिताडा गरवायला गेलो. पहिला अर्धा तास तो छान वळवळत आला. मग हळूहळू जड झाला आणि ओढला की ओल्या काठीसारखा सरळ मागे यायला लागला. आठवड्यानं पाहिलं तर पोटाखाली केसाएवढी चीर आणि शेपटीजवळ रंगाला फोड. रंग स्वस्तातला होता असं ठरवून पुढच्या खेपेला महागडा डबा आणला. तोही फुगला.

दोष रंगाचा नव्हता. ‘रंग चांगला असला की पाणी आत जात नाही’ हा माझा समज चुकीचा होता, आणि घरी ल्यूर कोरणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. रंगाच्या सपाट पृष्ठभागातून पाणी जातं ते फारच सावकाश. ते घुसतं भोकांतून. एका साध्या ल्यूरला किती भोकं असतात ते मोजा: नाकात दोरी बांधायच्या कडीचं, पोटात आणि शेपटीत गळ अडकवायच्या कड्यांची, शिसं भरायला पाडलेलं, आणि तोंडाखाली प्लॅस्टिकची जीभ बसवायला करवतीनं मारलेली खाच. आपण रंग पूर्ण करतो, मग आरामात बसून कड्या पिळतो, म्हणजे चार हात रंगाच्या मधोमध पाण्यासाठी दारं उघडतो. त्यात नाक आणि शेपटी ही लाकडाची आडवी कापलेली टोकं. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढायचं त्या नळ्यांची तोंडं तिथं उघडी असतात. लाकूड बाजूनं जेवढं पितं त्याच्या कितीतरी पट वेगानं टोकाकडून पितं.

म्हणून क्रम उलटा हवा. सगळी भोकं, खाच, शिशाची जागा आधी करून घ्यायची, कड्या एकदा पिळून परत काढायच्या, मग सीलर, म्हणजे लाकडात मुरून पाण्याची वाट बुजवणारा द्राव. भोकांच्या आतल्या भिंतींनाही काडीनं सीलर पाजायचा. रंग झाल्यावर कडी शेवटची बसवताना तिच्या आट्यांना इपॉक्सी लावायची. एवढं केलं तर रंग कुठल्याही कंपनीचा चालतो.

‘लाकूड कुजू नये म्हणून सील करायचं’ असंही सांगितलं जातं. कुजायला महिने लागतात, ल्यूर तासाभरात बिघडतो. खरी भानगड फुगण्याची आहे. पूर्ण सुकं लाकूड स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पिईपर्यंत फुगत जातं. त्यापुढचं पाणी नुसतं पोकळ्यांत साठतं, वजन वाढवतं. फुगणंही सगळ्या बाजूंनी सारखं नसतं. लांबीत जवळजवळ शून्य. रुंदीत मात्र वाढवलयांच्या कडेकडेनं जेवढं फुगतं त्याच्या साधारण निम्मं वलयांना छेदणाऱ्या दिशेनं. वाळलेल्या रंगाला असं वाकडंतिकडं ताणता येत नाही, तो लाकडाच्या रेषांच्या दिशेनं फाटतो. माझ्या ल्यूरची चीर पोटाखालून लांबीच्या दिशेनं गेली होती ती यामुळेच.

सीलरचा विचार सर्वात आधी कोणी केला ते मला ठाऊक नाही, पण त्यातली सर्वात मजेदार गोष्ट फिनलंडची आहे. पायजाने तलावावर मासेमारी करून पोट भरणाऱ्या लॉरी रापालानं १९३६ साली चांभाराच्या सुरीनं बुचाचा एक मासा कोरला. (रापालाच्या हातात रापी, हा योगायोग मराठीतच जमायचा.) चमक यावी म्हणून त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली आणि वरून लेप दिला तो फोटोच्या निगेटिव्ह वितळवून. हे नुसतं जुगाड वाटतं, पण त्यात रसायन पक्कं होतं. त्या काळच्या फिल्मचा पाया सेल्युलोजपासून बनवत. आज अमेरिकेतले हौशी कारागीर प्रोपिओनेट नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्यात लाकूड बुडवतात. तेही सेल्युलोजचंच भावंड. जपानमधले हातकाम करणारे बाल्साचा मासा सेल्युलोजच्या लॅकरमध्ये पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. पातळ द्राव आधी आत मुरतो, नंतरच्या बुडवण्या वर कवच चढवतात. आपल्याकडे लाकूडकामाच्या दुकानात मिळणारा सँडिंग सीलर बहुतेकदा याच कुळातला, नायट्रोसेल्युलोजचा असतो. मात्र जुन्या निगेटिव्ह वितळवायच्या भानगडीत पडू नका, त्यांतल्या काही भयानक ज्वालाग्राही असतात. ॲसिटोन आणि थिनरही गॅसच्या शेगडीपासून लांबच हवेत.

‘सागवानाला सीलर लागत नाही, त्यात तेल असतं.’ सुताराकडून फुकट मिळालेल्या सागाच्या तुकड्यांमुळे हा समज टिकून आहे. साग पाण्यात टिकतो हे खरं, पण त्याच तेलामुळे इपॉक्सी आणि रंग नीट धरत नाहीत. लावण्याआधी ॲसिटोनच्या फडक्यानं पुसावं लागतं. शिवाय साग जड. शिसं घालायला जागाच उरत नाही, आणि शिसं तळाला नसेल तर मासा पाण्यात कुशीवर पडतो. पांगारा किंवा सावर यांचं हलकं लाकूड जास्त सोयीचं. हलकं लाकूड पाणी अधाशासारखं पितं, तेव्हा तिथं सीलरमध्ये कंजुषी नको.

बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, चालेल का? चालतं, पण धीर हवा. ते थिनरसारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि आत मुरलेलं तेल पिकायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. हाताला चिकटत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी वर लॅकर मारला की खालचा थर सुरकुततो. तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपली आपण पेट घेऊ शकतात; ती उलगडून उघड्यावर वाळवायची किंवा पाण्यात बुडवायची. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा लाखेचा हात झटपट वाळतो, पण पाण्यात राहिला की पांढरा पडतो. त्याची जागा मधल्या थरात, दोन न जुळणाऱ्या रंगांमध्ये भिंत म्हणून.

इपॉक्सीबद्दल कोकणात एक खास गैरसमज आहे, आणि तो होड्यांमुळे. फायबरच्या होडीच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब कमीजास्त करून वाळण्याचा वेग बदलता येतो. तीच सवय लोक इपॉक्सीला लावतात: ‘पावसाळी हवा आहे, हार्डनर थोडा जास्त घाल.’ इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा जोडीदार असतो, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच दोघं एकमेकांत गुंततात. उरलेला हार्डनर बिनकामाचा आत राहतो आणि थर कायमचा मऊ, चिकट होतो. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते ती वेगळी. ती कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुऊन, सुकवूनच पुढचा हात द्यायचा.

आणि बुडबुडे. गार सकाळी सीलर लावून मासा उन्हात टांगला की लाकडातली हवा तापून फुगते आणि थरातून फोड काढत बाहेर येते. मी आधी लाकूड उन्हात तापवतो, सावलीत आणून गार होता होता सीलर लावतो. आतली हवा आकसते आणि द्राव आत ओढला जातो. पावसाळ्यात लॅकरवर पांढरं धुकं येतं, कारण थिनर झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर दव जमतं. जुलैत मी हे काम करतच नाही. कोरून ठेवतो.

प्रायमर म्हणजे सीलर नव्हे, हे रंगाऱ्याला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. प्रायमरच्या अस्तरात रंगद्रव्य भरपूर आणि बांधणारा पदार्थ कमी. म्हणून ते खरबरीत असतं, वरच्या रंगाला धरतं आणि पाणीही शोषतं. ते सीलरच्या वर येतं, सीलरच्या जागी नाही. पांढरं अस्तर विशेष महत्त्वाचं, कारण एअरब्रशचे ॲक्रिलिक रंग अर्धपारदर्शक असतात आणि खालचा तपकिरी लाकूडरंग पोटाच्या पांढऱ्यावर डोकावतो. सीलर काचेसारखा चकचकीत झाला म्हणून खूश होऊ नका. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं त्याची चकाकी मारल्याशिवाय अस्तर टिकत नाही, गळाच्या पहिल्या ओरखड्याबरोबर सालीसारखं निघतं.

तोल बघायची चाचणीही सीलरनंतरच. कोऱ्या लाकडाचा मासा बादलीत टाकून शिसं ठरवलं तर बादलीतलं पाणी तो पिऊन बसतो, आणि सीलरचं वजन पुढे धरायचं राहतंच. गळ अडकवूनच तरंगवून बघा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, त्यामुळे बादलीत जेमतेम तरंगणारा खाडीत थोडा वर राहील.

आता मी पूर्ण झालेला ल्यूर सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलतो, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो, सकाळी पुसून पुन्हा तोलतो. आकडा तोच असला तर खाडीवर नेतो. वाढला असेल तर रंगाकडे बघत बसत नाही, शेपटीची कडी पिळून काढतो. बहुतेक वेळा ओल तिथंच सापडते.