दीपगृहातला रेडिओ

दीपगृह म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा दिव्याचा मनोरा. अलिबागजवळ खांदेरी बेटावर १८६७ सालचे दीपगृह आहे.

दरवर्षी ऑगस्टात एका शनिवार-रविवारी जगातले हौशी रेडिओवाले जुन्या दीपगृहांवर जमतात. उंच तार बांधतात, बॅटरी जोडतात आणि दूरदेशीच्या दीपगृहांशी बोलतात. रेडिओच्या लहरी आकाशात वर जातात आणि तिथल्या थरावरून वळून लांब खाली येतात. मधे टॉवर लागतच नाही.

२०१९ च्या महापुरात भिलवडीच्या आत्याचा फोन लागेना. मी लहान होतो. आई सांगते, आजी जेवलीच नाही. सारखी म्हणायची, "माझी लेक कशी हाय?" असा रेडिओ असता तर खुशाली कळली असती.

१२ वर्षे पूर्ण झाल्यावर परीक्षा देऊन परवाना मिळतो. माझी दोनच वर्षे राहिलीत. मी परीक्षा देणार!