बंबात पाणी, अंगात दम. एवढ्याने फायरमन होत नाही

नीरा-भीमेच्या संगमावर वसलेल्या नरसिंहपुराला पाणी काही लांब नाही. त्यामुळे ‘पाणी भरपूर, पोरं धडधाकट, मग आगीचं भय कसलं?’ असं वाटणं साहजिक आहे. पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणारे इंदापूर-बारामतीकडचे अनेक तरुण अग्निशमन दलाच्या जाहिरातीकडेही त्याच नजरेने पाहतात: उंची, छाती, दम. हे सगळं लागतंच. पण पेटलेल्या इमारतीत शिरून माणूस बाहेर काढणारा जवान तेवढ्याने तयार होत नाही. त्याला आधी आग वाचायला शिकावं लागतं.

जास्त पाणी म्हणजे लवकर विझणार, हा पहिला गैरसमज. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1700 लिटर जागा व्यापते. बंद खोलीत अंदाधुंद फवारा मारला तर ही वाफ फवारा मारणाऱ्याला आणि आत अडकलेल्याला भाजते. दार-खिडक्या फोडून ‘धूर जाऊ द्या’ म्हणणंही तितकंच घातक, कारण हवेअभावी दबलेल्या आगीला तीच हवा मिळते. खोलीतलं तापमान 500-600 अंशांच्या आसपास गेलं की फोमची गादी, प्लॅस्टिकची खुर्ची, कपडे असं सारं जवळजवळ एकाच वेळी पेट घेतं. म्हणून नवशिक्याला आत शिरण्याआधी धुराचा रंग, दाटपणा आणि वेग पाहायला, दार किती तापलंय हे हाताच्या मागच्या बाजूने चाचपायला, आणि दार किती व केव्हा उघडायचं हे ठरवायला शिकवतात.

दुसरा गैरसमज धाडसाचा: हिंमत असली की झालं. धुराने भरलेल्या खोलीत प्रशिक्षणार्थी गुडघ्यांवर रांगतो, एक हात भिंतीवरून सुटू देत नाही आणि दुसऱ्या हाताने जमीन चाचपतो. भिंत सुटली की परतीची वाट सुटली. पाठीवरच्या बीए सेटच्या (श्वसनयंत्राच्या) 6.8 लिटरच्या सिलिंडरात 300 बार दाबाने साधारण दोन हजार लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर ती पाऊण तासाच्या आसपास पुरते, आणि घाबरून धापा टाकणाऱ्याला त्याहून बराच कमी वेळ. दाब घसरून शिट्टी वाजण्याची वाट पाहायची नसते, परतीची हवा राखून आधीच वळायचं असतं. आत माणूस असताना मागे फिरणं हे धाडसाला पटत नाही. म्हणूनच ती शिस्त अंगवळणी पडेपर्यंत ड्रिल करून घ्यावी लागते.

यावर कुणी म्हणेल, शिकलेलेही मरतातच की. खरं आहे. 9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासाची आग विझवताना इमारत कोसळली आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अनुभवी अधिकाऱ्यांचा जीव गेला. प्रशिक्षणाने धोका शून्यावर येत नाही. पण आगीने खिळखिळी झालेली इमारत किती वेळ उभी राहील, हा प्रश्न जिथे तज्ज्ञांनाही जड जातो, तिथे न शिकलेल्या पोराला नुसत्या हिमतीवर आत धाडणं हा अन्याय आहे. गावकरीच आजवर आगी विझवत आले, हा दुसरा आक्षेप. उघड्यावरची गंजी, गोठा किंवा उसाचा फड यांच्यापुरता तो बरोबर आहे. स्लॅबच्या बंद घरात धूरच आधी जीव घेतो.

दलात जाऊ पाहणाऱ्या तरुणांनी म्हणूनच मैदानाइतकाच वेळ अभ्यासाला द्यावा. मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम फायरमनच्या भरतीत अनेक महापालिका मागतात. आणि बाकीच्यांनी घर पेटलं तर सगळ्यांना बाहेर काढावं, निघताना दार ओढून घ्यावं, 101 ला फोन करावा आणि बंब येताच आत कोणी राहिलं असेल तर कोण, कुठल्या खोलीत आहे ते सांगावं.