लिनक्स बसवताना डिस्क दिसत नाही तेव्हा

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसानं हा विषय का घेतला, असं काहींना वाटेल. संगणक अडला की आपण कारण शोधतो, आणि कारण कसं शोधावं याचा विचार आपल्या न्यायशास्त्रानं फार पूर्वी केला आहे. त्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट असली की दुसरी असते, आणि पहिली नसली की दुसरीही नसते. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय कारण ठरवायचं नाही.

निकड अशी की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या शाळेतला किंवा दुकानातला जुना पण धडधाकट संगणक यात बसत नाही. लिनक्स घातलं तर तो आणखी काही वर्षं चालतो. मात्र त्यात कुणाचे निकाल असतात, कुणाचा उधारीचा हिशेब असतो. म्हणून पहिलं काम म्हणजे सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणं. ती उघडूनही बघा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

आता राजगड डोळ्यांपुढे आणा. गडाला पाली, गुंजवणे, अळू असे दरवाजे आहेत आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा माच्या आहेत. डिस्कची पार्टिशनं म्हणजे माच्या. कोणता दरवाजा आधी उघडायचा, हे बायोस ठरवतं. नव्या यंत्रांत त्याच्या जागी यूईएफआय असतं, पण बोलताना आपण बायोसच म्हणतो. इन्स्टॉलरमधला ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय सगळ्या माच्या सपाट करतो, बरं का!

पहिलं लक्षण : पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरूच होत नाही. चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल, लेनोव्होत बहुधा एफ १२, एचपीत एफ ९. तरीही जमलं नाही तर तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात लावा. तिथं चालला तर तो निर्दोष, मग या यंत्राच्या सेटिंगकडे वळा. सिक्युअर बूट म्हणजे शिक्का पाहून आत सोडणारा पहारेकरी. उबुंटू, फेडोरा, डेबियन यांच्याकडे हा शिक्का असतो, त्यामुळे तो बंद करण्याची घाई नको.

दुसरं लक्षण : इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये दिसते का, ते आधी बघा. तिथंही नसेल तर केबल किंवा डिस्कच संशयित, इन्स्टॉलरशी झगडून उपयोग नाही. तिथं दिसते पण इन्स्टॉलरला दिसत नाही, असं असेल तर स्टोरेजचा मोड रेड किंवा इंटेल आरएसटीवर आहे का बघा. तो एएचसीआय करावा लागतो. पण विंडोजही ठेवायची असेल तर आधी तिला सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्या, मग मोड बदला. एकदम बदललात तर विंडोज उठणार नाही.

तिसरं लक्षण : लिनक्स बसलं, पण यंत्र थेट विंडोजमध्येच जातं. बूट क्रमात लिनक्सची नोंद वर आणा. नोंदच नसेल तर बहुधा विंडोज यूईएफआयवर आणि लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीनं बसलेलं असतं. दोन्ही एकाच पद्धतीनं हवीत. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि मग लिनक्सला तिच्या पार्टिशनवर सुखानं लिहिता येत नाही.

आणखी एक गंमत. विंडोजमधलं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलं, तर बायोसची बॅटरी बदलू नका. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. बॅटरी संपली असेल तर वीज काढल्यावर तारीखच जुनी होते आणि सेटिंगंही पुसली जातात. दोन्ही ठिकाणी घड्याळच चुकलेलं दिसतं, पण कारणं वेगळी.

सार एवढंच : एका वेळी एकच सेटिंग बदला, आधीची स्थिती वहीत लिहा, नाही जमलं तर पूर्ववत करा आणि मग पुढची घ्या. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झालं, तर काम होईल, पण कारण कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागेल.

आता प्रश्न घेऊ या.