डेकवरचं गोडं पाणी

देवगड तालुक्यात मिठबाव-तांबळडेगच्या किनाऱ्यावर मे सरता सरता होड्या वर ओढल्या जातात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होडी वाळूवर आली म्हणजे सुटली, असं बघणाऱ्याला वाटतं. लाकडी होडीचं मात्र उलट आहे. पाण्याखालच्या लाकडाला खाऱ्या पाण्यातला पोखरणारा किडा खातो, पण डेक कुजतो तो पावसाच्या गोड्या पाण्याने. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग नेमका याच महिन्यांत कोसळतो.

कूज म्हणजे बुरशी. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर ती धरत नाही. मीठही तिला आवर घालतं. म्हणून शिडांच्या जहाजांवर डेक रोज समुद्राच्या पाण्याने धूत. त्यात स्वच्छतेइतकाच फळ्या फुगलेल्या आणि सांधे घट्ट ठेवण्याचाही हिशेब होता. पावसाचं पाणी हे मीठ धुऊन टाकतं आणि फळीच्या कापलेल्या टोकातून आत शिरतं. फळीच्या पाठीपेक्षा टोक कितीतरी जास्त पाणी ओढतं. त्यामुळे डेक कुजायला लागतो तो मधोमध नव्हे, तर झाकणाच्या कोपऱ्यांशी, डोलकाठीच्या बुडाशी, कठड्याच्या खुंटांखाली आणि खिळ्यांभोवती.

नौका कोरडी करून दुरुस्त करण्याची सोय या किनाऱ्याला नवी नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडक कापून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही दिसते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. त्यामुळे लाकूड टिकवण्याच्या विद्येचा पुरावा म्हणून दूरचं एक जहाज बघावं लागतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते. सागात स्वतःचं तेल असतं, आणि ओकसारखा तो लोखंडी खिळ्याला गंजवत नाही. गरीब होडीला मात्र साग कुठला? आईन, फणस, आंबा, जे हाती लागेल ते. तिथे कसोटी मेस्त्रीच्या हाताची लागते.

चांगला मेस्त्री आधी रंग बघत नाही. हातोडीची मूठ फळीवर ठोकत जातो. निरोगी लाकूड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. मग सुरीचं टोक खुपसतो. टोक सहज शिरलं तर कूज डोळ्यांना दिसते त्याहून पुढे गेलेली असते. कापायचं ते निरोगी लाकडात बऱ्यापैकी आत जाऊन. इथेच पैसा वाचवण्याचा मोह होतो आणि पुढच्या वर्षी तीच फळी पुन्हा उघडावी लागते. नवा तुकडा काटकोनात भिडवायचा नाही. जाडीच्या आठपट लांबीचा तिरका सांधा द्यायचा, म्हणजे जोर वाटला जातो. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे एकाच वाशावर येऊ द्यायचे नाहीत. खिळा जस्ताच्या मुलाम्याचा किंवा तांब्याचा, डोकं पृष्ठभागाखाली आणि वर त्याच रेषेचं लाकडी बूच.

त्यानंतर फटी. जुना कापूस उकरून काढायचा, नवा पिळून बोथट पटाशीने आणि मोगरीने बसवायचा, वर राळ आणि तेल. ठोकणं अती झालं तर मेहनत उलटते: पाण्यात फळी फुगते आणि कोंबलेला कापूसच खिळे उचलतो. सुतार शिकतो ते हे प्रमाण, आणि ते पुस्तकातून येत नाही. गोव्यात केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखाली शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली. काथ्याने शिवलेल्या तिच्या सांध्यांतही नारळाचा तंतू आणि राळ भरलेली आहे.

शेवटचा हात कशाचा, यावर मतं निघतात. जुन्या काळी मोरीच्या (शार्कच्या) यकृताचं तेल, उंडेल म्हणजे उंडीचं तेल, काजूच्या टरफलांचं तेल. आता ऑइलपेंट, आणि वरून फायबर. जाड रंग सुंदर दिसतो. एक तडा गेला की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. ओल्या लाकडावर फायबर चढवणं याहून वाईट: वरून कवच टणटणीत, आतला डेक पीठ. माझं मत तेलाच्या बाजूने आहे. तेल दरवर्षी द्यावं लागतं, पण लाकूड उघडं राहतं आणि दोष लपत नाही. पायाखाली निसरडं होऊ नये म्हणून रंग द्यायचाच तर ओल्यावर बारीक वाळू भुरभुरावी.

पावसाळ्यासाठी होडी नाळेकडून थोडी उंच टेकवावी, तळाचं बूच काढून ठेवावं, झाकणं किंचित उघडी राहू द्यावीत आणि वर चुडतांचा (विणलेल्या झावळ्यांचा) मांडव घालावा. ताडपत्री थेट डेकवर अंथरू नये. तिच्याखाली वाफ कोंडते. मिठबावसारख्या गावांत गाबीत मच्छीमारांच्या लाकडी होड्या अजून आहेत. इंजिन आणि फायबरसाठी कर्जाच्या गोष्टी निघतात तशा किनाऱ्यावर सामाईक मांगरासाठी (शेडसाठी) ही निघायला हव्यात. मांडवाचे खांब आणि चुडतं मेच्या पहिल्या आठवड्यात जमवली, तर मोसमी पावसाआधी होडी झाकता येते.