ब्रिसल वर्म (मत्स्यालय)

ब्रिसल वर्म हे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात आढळणाऱ्या पॉलिकीट वर्गातील कृमींचे प्रचलित नाव आहे. गांडूळ व जळू यांच्याप्रमाणे हे कृमी वलयी प्राणी संघात मोडतात. शालेय पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेला नेरीस हा याच वर्गातील होय. शरीराच्या बहुतेक खंडांवर दोन्ही बाजूंना परापाद असतात आणि त्यांवर दृढरोमांचे झुबके असतात. या केसांमुळेच त्यांना हे नाव मिळाले. रात्री दिवा लावताच खडकाच्या फटीत सरकणारा हा गुलाबी-तपकिरी कृमी पाहून नवखा मत्स्यपालक धास्तावतो व तो नष्ट करण्याच्या मागे लागतो. प्रत्यक्षात टाकीत आढळणाऱ्या बहुतेक जाती निरुपद्रवी असून सफाईचे काम करतात.

टाकीत प्रवेश

हे कृमी किंवा त्यांची पिल्ले खडक, वाळू, समुद्रशैवाल अथवा प्रवाळाच्या तुकड्यांबरोबर टाकीत येतात. भारतात प्रवाळखडक समुद्रातून काढून आणणे हा गुन्हा आहे. भित्तिका बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांचा 2001 मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत समावेश करण्यात आला. त्यामुळे कोरडा किंवा कृत्रिम खडक वापरणे हाच योग्य मार्ग ठरतो, आणि अशा टाकीत कृमींचा शिरकावही कमी होतो. मात्र नंतर आणलेल्या एखाद्या शिंपल्याच्या किंवा शैवालाच्या मुळाशी चिकटून ते येऊ शकतात.

मत्स्यालयातील कार्य

माशांनी न खाल्लेले अन्न, विष्ठा आणि फटीत मेलेले जीव कुजू लागले की अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना घातक असतो. जेथे माणसाचा हात किंवा नळी पोहोचत नाही तेथे जाऊन ब्रिसल वर्म हे सडके पदार्थ खातात, वाळू उकरतात व तिच्यात पाणी खेळते ठेवतात. अनेकदा मेलेल्या माशावर हे कृमी जमलेले दिसतात आणि त्यांनीच मासा मारला असा समज होतो. बहुधा मासा आधीच मेलेला किंवा मरणासन्न असतो.

कृमींची संख्या उपलब्ध अन्नावर ठरते. काही महिन्यांत ते एकदम वाढले, तर टाकीत अन्न जास्त पडत आहे असे समजावे. या दृष्टीने त्यांची वाढ हा रोग नसून लक्षण आहे. औषध टाकून सर्व कृमी एकाच वेळी मारण्याचा प्रयत्न मात्र खरोखर धोक्याचा आहे. तांब्याची औषधे कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांनाही मारतात, आणि फटींत मेलेले शेकडो कृमी कुजून अमोनिया वाढला की मासेही दगावतात.

अपायकारक जाती

अटलांटिक व भूमध्य समुद्रातील हर्मोडिसी कॅरुन्क्युलाटा हा अग्निकृमी प्रवाळ व समुद्रफुले खातो. हिंदी महासागरासह उष्ण समुद्रांत आढळणारा युनिस ॲफ्रोडिटॉइस हा वाळूत दडून कात्रीसारख्या जबड्यांनी जिवंत मासा पकडतो. त्याच्या डोक्यावर पाच शृंगिका असतात व अंगावर इंद्रधनुषी चकाकी दिसते. जपानमध्ये 2009 साली तराफ्याच्या तरंगकात सापडलेला या जातीचा कृमी 299 सेंटिमीटर लांब होता. त्याच वर्षी इंग्लंडमधील न्यूक्वे येथील मत्स्यालयात मासे व प्रवाळ यांची हानी का होते हे शोधताना खडकांची मांडणी मोडावी लागली, तेव्हा सुमारे 4 फूट लांबीचा समुद्री कृमी हाती लागला. अशी उदाहरणे विरळाच. पण डोके न पाहता प्रत्येक कृमीला निरुपद्रवी मानणेही बरोबर नाही.

नियंत्रण

पहिला उपाय म्हणजे खाद्य कमी करणे. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच द्यावे व वाळूवरचा गाळ पाणी बदलताना नळीने ओढून घ्यावा. संख्या तरीही जास्त वाटल्यास बारीक छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या नळीत कोळंबीचा तुकडा ठेवून ती रात्री वाळूवर ठेवतात व सकाळी कृमींसह बाहेर काढतात. सहा पट्ट्यांचा रास मासा लहान कृमी टिपून खातो. कृमी चिमट्याने ओढताना तुटू देऊ नये. युरिथोई कॉम्प्लनाटा या सर्वत्र आढळणाऱ्या जातीत शरीराच्या तुकड्यांपासून नवे कृमी तयार होतात, म्हणजे तोडून मारू पाहणारा त्यांची संख्या वाढवतो.

समुद्रापासून दूरच्या भागात

परभणी जिल्ह्यातील मानवतसारखे गाव किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. तेथे समुद्राचे पाणी आणणे परवडत नाही; तयार समुद्री मीठ आरओच्या पाण्यात मिसळून क्षारता हजारी 35 च्या आसपास ठेवावी लागते. विंधन विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त असतात व शेतीच्या पट्ट्यात नायट्रेटही असू शकते, म्हणून ते थेट वापरू नये. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो; वीज जाऊन पंप थांबला तर तो आणखी घटतो. अशा वेळी एरवी दडून राहणारे कृमी काचेवर वर चढलेले दिसतात. त्यांना पकडण्याआधी बॅटरीवरचा हवेचा पंप सुरू करावा. बाष्पीभवनाने कमी झालेली पातळी गोड्या आरओ पाण्याने भरावी, मिठाच्या पाण्याने नव्हे.

केस टोचल्यास

अग्निकृमींच्या कुळातील जातींचे दृढरोम चुनखडीचे, पोकळ व ठिसूळ असतात. हात लागताच ते त्वचेत मोडून राहतात आणि आग, लाली, सूज येते. जागा चोळू नये. चिकटपट्टी लावून हलकेच ओढल्यास बरेच केस निघतात, उरलेले चिमट्याने काढावेत. श्वास घेण्यास त्रास झाला किंवा सूज पसरली तर तातडीने डॉक्टरांकडे जावे. टाकीत हात घालताना जाड रबरी हातमोजे वापरावेत.