बायोस सेटअप

बायोस सेटअप ही वैयक्तिक संगणकाच्या मदरबोर्डवरील अंगभूत यंत्रसामग्रीची आणि संगणक सुरू होण्याच्या क्रमाची मांडणी ठरवण्याची सोय होय. बायोस हे ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम’ या नावाचे लघुरूप असून ही आज्ञावली मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली असते. विंडोज किंवा लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली डिस्कवर असते. परंतु ती डिस्क शोधून वाचण्यास आरंभ कोठून करावा, हे संगणकाला आधी कळावे लागते. हे पहिले काम बायोस पार पाडते.

इतिहास

बायोस हा शब्द गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या कार्यप्रणालीमुळे १९७०च्या दशकात रूढ झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात सेटअपचा पडदा नव्हता. स्मृती किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती आणि पडदा कोणत्या प्रकारचा, ही माहिती मदरबोर्डवरील छोटे खटके खालीवर करून द्यावी लागे. त्यासाठी संगणकाची पेटी उघडणे भाग असे. १९८४ च्या पीसी/एटी या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. त्या घड्याळाच्या चिपमध्ये ६४ बाइटांची स्मृती होती. त्यांपैकी १४ बाइट घड्याळासाठी वापरले जात आणि उरलेल्या ५० बाइटांत यंत्राची मांडणी नोंदवली जाई. ती बदलण्यासाठी वेगळी फ्लॉपी वापरावी लागे. पुढे ही सोय बायोसच्या चिपमध्येच समाविष्ट झाली.

आयबीएमने आपल्या बायोसची आज्ञावली पुस्तिकेत छापली होती, पण तिच्यावर स्वामित्वहक्क होता. कॉम्पॅक कंपनीने ती नक्कल न करता, तेच काम करणारी नवी आज्ञावली स्वतंत्रपणे लिहून घेतली. नंतर फिनिक्ससारख्या कंपन्या असे बायोस इतर उत्पादकांना परवान्यावर देऊ लागल्या. त्यामुळे एकाच धाटणीचे संगणक अनेक कंपन्यांना बनवता आले.

संगणक सुरू होण्याची प्रक्रिया

वीज मिळताच प्रोसेसर एका ठरावीक पत्त्यावरील आज्ञा वाचतो. हा पत्ता बायोसच्या चिपकडे वळवलेला असतो. प्रथम स्मृती, कळफलक, पडदा इत्यादींची तपासणी होते. पडदाच चालू नसेल तर दोष दाखवण्याचे साधन म्हणून ठरावीक संख्येने ध्वनी वाजवले जातात. त्यांचा अर्थ उत्पादकानुसार बदलतो. तपासणीनंतर बायोस ठरलेल्या क्रमाने डिस्क शोधते, तिचा पहिला ५१२ बाइटांचा भाग स्मृतीत आणते आणि पुढील नियंत्रण त्या भागातील आज्ञांकडे सोपवते. या प्रक्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. स्वतःच्याच बुटाचे बंद ओढून स्वतःला उचलणे, या इंग्रजीतील कल्पनेवरून हा शब्द आला आहे.

सेटअपमधील प्रमुख मांडण्या

संगणक सुरू होताच डिलीट, एफ२, एफ१० किंवा उत्पादकाने नेमलेली अन्य कळ दाबल्यास सेटअप उघडतो. त्यात सामान्यतः पुढील गोष्टी असतात.

बूट क्रम : कार्यप्रणाली प्रथम कोठे शोधावी, हे यात ठरते. यूएसबी पेनड्राइव्हवरून नवी कार्यप्रणाली बसवताना हा क्रम बदलावा लागतो.

अंगभूत उपकरणे : ध्वनी, नेटवर्क, यूएसबी द्वारे इत्यादी चालू किंवा बंद करता येतात. अंगभूत चित्रप्रक्रियेस मुख्य स्मृतीतील किती वाटा द्यावा, हेही काही संगणकांत ठरवता येते.

साटा पद्धत : डिस्कशी संवाद साधण्याची पद्धत यात निवडतात. कार्यप्रणाली बसवल्यानंतर ही पद्धत बदलल्यास ती सुरू न होण्याचा संभव असतो. डिस्कवरील माहिती जागेवरच असते आणि पूर्वीची पद्धत परत निवडल्यास संगणक बहुधा पूर्ववत सुरू होतो. हे ठाऊक नसल्याने डिस्क बिघडली असे समजून ती पुसली जाण्याचा धोका असतो.

परवलीचा शब्द : एक शब्द सेटअप उघडण्यासाठी, तर दुसरा संगणक सुरू करण्यासाठी ठेवता येतो. मात्र यामुळे डिस्कवरील माहिती कूटबद्ध होत नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास ती वाचता येते.

घड्याळ आणि बॅटरी

मदरबोर्डवर बहुधा सीआर२०३२ या प्रकारची ३ व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद असताना घड्याळ थांबते आणि तारीख जुन्या वर्षावर जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीपुरतीच वैध असल्याने अशा संगणकावर ती संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष इंटरनेट जोडणीचा असल्याचा समज होतो. जुन्या संगणकांत बॅटरीबरोबर सेटअपची मांडणीही पुसली जाते. अलीकडच्या अनेक संगणकांत ती फ्लॅश स्मृतीत राहते.

अद्ययावत करणे

पूर्वी बायोसची चिप बदलता न येणारी असे. फ्लॅश चिपमुळे नवी आवृत्ती भरणे शक्य झाले, पण धोकाही वाढला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या विषाणूने अनेक संगणकांचे बायोस खराब केले. असे संगणक सुरूच होईनात. अद्ययावत करताना मध्येच वीज गेल्यास हीच स्थिती उद्भवू शकते. म्हणून हे काम आवश्यक असेल तरच आणि विजेची खात्री करून केले जाते.

यूईएफआय

बायोसची जागा आता यूईएफआय या प्रणालीने घेतली आहे; बोलण्यात मात्र ‘बायोस’ हेच नाव टिकून आहे. जुन्या विभागणी पद्धतीत ५१२ बाइटांच्या खंडांमुळे सुमारे २.२ टेराबाइटपर्यंतचीच डिस्क वापरता येत असे. यूईएफआयबरोबर आलेल्या जीपीटी पद्धतीत ही मर्यादा राहिली नाही. यातील ‘सिक्युअर बूट’ ही सोय विश्वासार्ह स्वाक्षरी असलेल्या आज्ञावलीलाच सुरू होऊ देते. तिच्यामुळे घातक आज्ञावलींना अटकाव होतो, तथापि स्वाक्षरी नसलेली अन्य कार्यप्रणाली बसवायची असल्यास ती बंद करावी लागते. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास असा बदल केल्यावर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते. ती जवळ नसल्यास माहिती परत मिळत नाही.

बदल करताना

मूळ मांडणीची नोंद किंवा छायाचित्र ठेवणे, एका वेळी एकच बदल करणे आणि नको असलेला बदल न जतन करता बाहेर पडणे, ही सर्वसाधारण रीत आहे. मांडणी बिघडल्यास ‘लोड डिफॉल्ट्स’ या पर्यायाने उत्पादकाची मांडणी परत आणता येते. मात्र त्यामुळे साटा पद्धत आणि बूट क्रमही बदलू शकतात.